अधिक बावन्न, उणे शहात्तर

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

फोन का केला नाहीस, असं विचारू नकोस. तूच सांगून ठेवलंयस की फोनवर मी 'बरी आहे' म्हणते आणि ठेवून देते; पत्रात निदान चार ओळी तरी खऱ्या लिहाव्या लागतात. तर खरं लिहिते. मी बरी नाही.

इथे प्रयोगशाळेत आल्यापासून मी ज्या तेलामागे लागले आहे ते तुला माहीतच आहे. आकडीवरच्या औषधाची सुरुवात त्या तेलापासून होते. त्याच्या रेणूची दोन रूपं असतात, एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. तू वर्गात म्हणायचीस तसं, उजवा हात आणि डावा हात. औषधाला त्यातलं एकच रूप चालतं, प्रकाश उजवीकडे वळवणारं. दुसरं पोटात गेलं तरी नुसतं पडून राहतं. आजवर सगळे कारखाने दोन्ही रूपं एकत्र बनवतात आणि मग निवडानिवड करून निम्मा माल फेकून देतात. माझ्या पद्धतीत पहिल्यापासून हवं तेच रूप बनायला हवं होतं.

काल पहिल्यांदा ते पूर्ण शुद्ध मिळालं. पाण्यासारखं नितळ. त्यात काही न मिसळता मी ते तसंच नळीत भरलं, प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या पोलॅरीमीटरमध्ये ठेवलं आणि देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. पडद्यावर आकडा आला, उणे शहात्तर.

उणे, आत्या. म्हणजे डावीकडे. इतकी वर्षं मी अगदी मन लावून चुकीचा हात बनवत होते.

मी तिथेच स्टुलावर बसले. आमच्या मोठ्या बाई (विभागप्रमुख, त्यांच्यापुढे यंत्रंसुद्धा अदबीने सुरू होतात) मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आकडा रडून बदलत नाही. पुन्हा मोजा." पुन्हा मोजलं. तेच. यंत्रवाल्याला बोलावलं, त्याने साखरेचं पाणी घालून तपासलं. यंत्र बरोबर आहे. पडताळून बघायला दुसऱ्या कोणाचा आकडाही नाही, कारण एवढं शुद्ध तेल कोणाच्या हाती लागलंच नव्हतं. जुन्या लिखाणात फक्त 'उजवीकडे वळवतं' एवढंच सापडतं.

मार्चअखेर बैठक आहे. ही पद्धत कारखान्यात न्यायची की गुंडाळायची हे त्यात ठरेल, आणि माझी इथली जागाही त्या पद्धतीलाच बांधलेली आहे.

म्हणून सोबत एक कुपी पाठवते. तुझ्या त्या पितळी पोलॅरीमीटरमध्ये एकदा डोळा लावून बघशील? पडद्यावरच्या आकड्याशी मला भांडता येत नाही गं. तू बघून 'उणे' म्हणालीस तर मी मान्य करीन. तेल विषारी नाही, पण चाखू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे.

बाबा विचारत होते, आत्याचं वाचन कसं चाललंय म्हणून.

तुझी,
डावरी


१२ फेब्रुवारी

चि. डावरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कुपी सुखरूप पोचली. मुकादमाने आधी खोकं हुंगलं, मग कुपी हुंगली, दोनदा शिंकला आणि पलंगाखाली गेला. मी घरात काय करते यावर देखरेख ठेवण्यापलीकडे त्या बोक्याला उद्योग नाही, म्हणून तर ते नाव. आता त्याचं मत नोंदवून झालं, माझं ऐक.

आधी एक खरं सांग. धाकट्याने शिकवून पाठवलंय ना तुला? 'यात डोळा लावून बघशील?' आणि लगेच खाली 'आत्याचं वाचन कसं चाललंय'! अगं, मी जन्मभर मुलींच्या कॉप्या पकडल्या आहेत. तुझ्या बाबाला वाटतं मी आता एकटीने या वरच्या मजल्यावर राहू नये, जिने चढू नयेत, त्याच्याकडे यावं आणि खिडकीशी बसून लोकर विणावी. त्यासाठी त्याला फक्त माझ्या डोळ्यांचं निमित्त हवंय. त्याला कळव, डोळे शाबूत आहेत.

तू लिहिलंस, 'चुकीचा हात बनवला'. ते वाचून मला शिवणाच्या तासाची आठवण झाली. कॉन्व्हेंटमध्ये शुक्रवारी शेवटचे दोन तास शिवण असे. लांब टेबलं, त्यावर पांढरं कापड आणि प्रत्येकीपुढे एक कात्री. माझी कात्री कापायचीच नाही. कापड पात्यांमध्ये दुमडून चावल्यासारखं व्हायचं. सगळ्यांचे रुमाल चौकोनी, माझा उंदराने कुरतडल्यासारखा. शिवणाच्या सिस्टर म्हणायच्या, "हात बदल." हात बदलला की बोटं ऐकायची नाहीत. एकदा मी कापडावर डोकं ठेवून रडत होते, तेव्हा रसायन शिकवणाऱ्या मोठ्या सिस्टर तिथून चालल्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. पुढच्या शुक्रवारी त्यांनी माझ्यापुढे एक दुसरी कात्री ठेवली. कुठून आणली कोण जाणे. मी कापड धरलं आणि कात्री लोण्यातून गेल्यासारखी गेली.

त्या म्हणाल्या, "दोन्ही शेजारी ठेवून बघ. पोलाद तेच, वजन तेच, धार तीच. ही फक्त त्या कात्रीची आरशातली बहीण आहे. तुझा हात कधीच चुकीचा नव्हता."

लिहायला मात्र मला उजव्याच हाताने लावलं. त्या बाबतीत त्यांचंही काही चालत नव्हतं. पण पुढे अकरावीत त्यांनी काळ्या फळ्यावर आरशातले रेणू काढले, तेव्हा अख्खा वर्ग एकमेकींकडे बघत होता आणि मला ते कात्रीसारखं सरळ दिसत होतं. साखरेच्या पाण्यातून प्रकाश गेला की तो थोडा उजवीकडे वळतो, हे मी याच पितळी यंत्रात पहिल्यांदा पाहिलं. पुढे त्याच शाळेत शिकवायला लागले, आणि निवृत्त होताना शाळेने घड्याळ देऊ केलं तर मी म्हटलं, घड्याळ नको, अडगळीतलं ते यंत्र द्या.

बरं, आता कामाचं. भर दुपारी पडदे ओढून घेतले. सोडियमचा दिवा लावला. तो आधी गुलाबी उगवतो, जरा वेळाने पिवळा होतो; तेवढ्यात माझा चहा होतो. खालचे शिंपीकाका दोरा मागायचं निमित्त करून वर आले. "बाई, दिवसाढवळ्या पडदे लावून काय चाललंय?" म्हटलं, भाचीचं तेल तपासतेय, तुम्हीही बघा. त्यांनी डोळा लावला आणि म्हणाले, "एक पिवळं बटण दिसतंय. मधोमध उभी शिवण. एक बाजू उजळ, एक बाजू मळकी."

इतक्या वर्षांत एकाही मुलीने एवढं चांगलं वर्णन केलं नव्हतं बघ. बटणच ते. आपण डोळ्यापुढची चकती हळूहळू फिरवायची. उजळ बाजू मंद होत जाते, मळकी उजळत येते, आणि एका जागी दोन्ही सारख्या होऊन मधली शिवण नाहीशी होते. तिथे थांबायचं आणि आकडा वाचायचा. तो शिवण विरण्याचा क्षण मला अजूनही फार आवडतो.

रिकामी नळी ठेवून शून्य पाहिलं. मग तुझं तेल भरलं. शिवण परत आली. चकती उजवीकडे फिरवत गेले, गेले, गेले. माझ्या साखरेच्या सवयीच्या मानाने फारच लांब गेले. आणि विरली.

अधिक बावन्न, डावरे. अधिक. उजवीकडे.

मोठ्या बाईंना सांग आणि पोटभर जेव.

तुझी,
आत्या


१८ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न.

तुझं पत्र मी जिन्यातच उभ्याउभ्या वाचलं. 'अधिक'पर्यंत आले आणि दोन पायऱ्या एकदम उतरले. मग यंत्रापाशी जाऊन त्याच तेलाची नळी पुन्हा भरली.

उणे शहात्तर.

आत्या, आता कसं लिहू? नुसतं चिन्ह उलटं असतं तर म्हटलं असतं, एकीने कुठेतरी डावं-उजवं उलटं धरलं. पण आकडासुद्धा जुळत नाही. एकीकडे बावन्न, एकीकडे शहात्तर. एकच तेल, एकच पिवळा प्रकाश. मी तुझा आकडा मोठ्या बाईंना दाखवला. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "डोळ्यानं बघतात? वय काय त्यांचं?" त्यांचा तो सूर ऐकून मी अशी चिडले की हातातली नळी आपटता आपटता राहिली. म्हटलं, "त्यांनी मला मोजायला शिकवलंय." त्या म्हणाल्या, "ते कळतंय मला. पण आकडा कोणाचा धरायचा?"



रागावू नकोस. तुझं अक्षर बघ ना. पूर्वी तू एका अंतर्देशीय पत्रात सगळी शाळा, जिना, बोका आणि शिंपीकाका बसवायचीस. या वेळच्या पाकिटात कागदच कागद होते. अक्षर टपोरं झालंय आणि ओळी उजवीकडे चढत जातात. आधी वाटलं, आनंदात लिहिलंय म्हणून. मग वाटलं, नाही. तुला नीट दिसतंय ना? बाबांना मी एका शब्दाने काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. आणि कुपी खरोखर माझ्यासाठी पाठवली होती. तुझी परीक्षा घेण्याची अक्कल माझ्यात असती तर मी एवढी घाबरले नसते.

अहवालात उणे लिहावं लागेल. कोरा कागद पुढे घेऊन बसले आहे. तू कशी आहेस ते मात्र खरं लिही.

तुझी,
डावरी


२५ फेब्रुवारी

चि. डावरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या यंत्राचा आकडा धर. माझा खोडून टाक. मोठ्या बाईंचं चुकलं नाही. त्यांच्या जागी मीही तेच विचारलं असतं.

खरं लिही म्हणालीस, म्हणून लिहिते. तुझं पत्र आल्यावर मी पुन्हा पडदे ओढले. उजव्या डोळ्याने बघितलं. कधी एक्कावन्न, कधी त्रेपन्न, बहुतेक वेळा बावन्न. मग डावा डोळा लावला. शिवण दिसलीच नाही. नुसता पिवळा धुरळा आणि दिव्याभोवती केसाळ कडं. असं बऱ्याच दिवसांपासून आहे. बसचा नंबर दिसत नव्हता तेव्हा मी म्हणायचे, हल्ली रंगच फिके देतात. स्वतःला फसवायला बाईमाणूस फार हुशार असतं.

काल डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. तरुण मुलगी आहे, तुझ्याहून थोडी मोठी असेल. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, उजव्यातही सुरुवात आहे. मी तिला विचारलं, "उजव्या डोळ्याने बघितलेला आकडा विश्वासाचा धरायचा का?" तिला काही कळलं नाही. म्हणाली, "आजी, आकडे बघायला आता कोणाला तरी सोबत ठेवा." आजी! मी तिच्या डोळ्याला डोळा भिडवून बघणार होते, पण डोळ्यांचीच पंचाईत.

धाकट्याला पत्र लिहून ठेवलंय, उद्या टाकीन. त्याचं म्हणणं ऐकायची वेळ आली असं दिसतंय. मुकादमाला तिकडे चालवून घेतील का, एवढं त्याला विचारलंय. यंत्राचं काय करावं हा प्रश्न आहे. शाळेला विचारलं तर मुख्याध्यापिका म्हणाल्या, जागा नाही. भंगारात जाऊ नये एवढीच इच्छा. नाहीतरी त्याचं अर्धंच सामान उरलंय. मोठी नळी मुकादमाने मागेच कपाटावरून खाली ढकलली, तेव्हापासून माझ्याकडे ती आखूड नळीच आहे, मोठीच्या बरोब्बर निम्मी. तुझं तेल तिच्यात जेमतेम मावलं आणि मला बरंच वाटलं, उरलेलं सांडायला नको.

तुझ्याबद्दल मात्र एक सांगते. डावं निघालं तर निघालं. तू मन लावून केलेलं काम आहे ते. एखादी गोष्ट आपल्या हाताला लागत नाही म्हणून ती वाईट ठरत नाही. कोणाच्या तरी हाताची असते. मी शिवणाच्या तासाला रडले तशी तू कागदावर डोकं ठेवून रडू नकोस. अहवाल सरळ लिही, मान वर करून वाच आणि बैठक संपली की दोन दिवस इकडे ये. हे घर आहे तोवर ये.

तुझी,
आत्या


२ मार्च

आत्या!

नमस्कार-बिमस्कार नंतर. काहीही भंगारात देऊ नकोस. बाबांचं पत्र टाकलं नसशील तर टाकू नकोस. टाकलं असशील तर पोस्टमनला गाठ.

आखूड नळी! अगं, हे तू आधी का नाही सांगितलंस? आणि मी तरी का नाही विचारलं? माझी नळी मोठी आहे, तुझ्या फुटलेल्या नळीएवढी. प्रकाश माझ्या नळीत दुप्पट तेलातून जातो, म्हणजे दुप्पट वळतो. तुझे बावन्न, तर माझे एकशे चार व्हायला हवेत. होय ना?

आता शिंपीकाकांची पट्टी घे. मधोमध टाचणी टोचून टेबलावर ठेव. ती उजवीकडे एकशे चार अंश फिरव. कुठे थांबली ते खडूने आखून ठेव. पुन्हा होती तशी ठेव आणि आता डावीकडे शहात्तर अंश फिरव.

त्याच रेघेवर आली ना? पट्टीची दोन्ही टोकं सारखीच. कुठलं कुठून आलं हे ती सांगत नाही. नळीत शिरणारा प्रकाश एकाच रेघेत डोलतो आणि तेल ती रेघ फिरवतं; तीही या पट्टीसारखीच. एकशे चार उजवीकडे आणि शहात्तर डावीकडे, दोन्हींची बेरीज एकशे ऐंशी, म्हणजे बरोबर अर्धा फेरा. माझं यंत्र नव्वदच्या पुढचं दाखवतच नाही. ते बिचारं जवळच्या बाजूने मोजून 'उणे शहात्तर' म्हणालं. त्याने साखर बरोबर सांगितली, कारण साखर एवढी लांब कधी जातच नाही. तुला जसं वाटलं ना, 'फारच लांब गेले', तिथेच सगळं होतं.

ते खरंच डावं असतं तर आखूड नळीत उणे अडतीस आलं असतं. तुला अधिक बावन्न आलं. तू बरोबर होतीस. यंत्रही बरोबर होतं. मधे मीच एकटी आपटत होते.

तुझं पत्र हातात घेऊन धावतच मोठ्या बाईंकडे गेले. आमच्या कपाटातही एक आखूड नळी निघाली, डब्यातून बाहेरही न काढलेली. भरली. अधिक बावन्न. मी टाळी वाजवली. बाई म्हणाल्या, "थांबा. उणे एकशे अठ्ठावीस नाही कशावरून?" बघ ना कशा आहेत! पण बरोबर होतं त्यांचं. बावन्न आणि एकशे अठ्ठावीस मिळूनही एकशे ऐंशीच, म्हणजे बावन्नलाही तीच शंका लागू होते. म्हटलं, "पातळ करून बघते." तेलात तिप्पट द्रावक घातला, म्हणजे तेल एक चतुर्थांश उरलं, आणि ते मोठ्या नळीत भरलं. लांबी दुप्पट, तेल पाव, म्हणून आकडा आखूड नळीतल्याच्या निम्मा: उजवं असेल तर सव्वीसच्या आसपास यायला हवं, डावं असेल तर उणे चौसष्टच्या. बाई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. त्यांच्या श्वासाने माझा चष्मा धुकटला.

अधिक पंचवीस आणि वर थोडं.

मग त्या म्हणाल्या, "दोन लांबींत मोजायचं हे पहिल्या धड्यात असतं."

म्हटलं, "हो. पण धडा साखरेवरचा होता."

त्या हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. जाता जाता म्हणाल्या, "अहवालात तुमच्या आत्यांचा आकडा घाला. आणि 'डोळ्यानं बघतात?' असं मी ज्या सुरात म्हणाले, तो तेवढा घालू नका."

आता तुझ्या डोळ्यांचं. ऑपरेशन करायचं, आत्या. बाबा म्हणतात म्हणून नाही आणि ती मुलगी आजी म्हणाली म्हणूनही नाही. अर्ध्या दृष्टीने तू आमच्या यंत्राच्या तोडीस तोड वाचलंस. पूर्ण दृष्टीने काय वाचशील ते मला बघायचंय. राहायचं कुठे, ते त्यानंतर तू ठरव.

तुझी, आणि उजव्या तेलाची,
डावरी


९ मार्च

चि. डावरीस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

शिंपीकाकांची पट्टी आणि टाचणी दोन्ही मागून आणली. तीनदा फिरवली. मग ते म्हणाले, "बाई, आता मला द्या," आणि त्यांनी फिरवली. आम्ही दोघं टेबलाशी लहान मुलांसारखे बसलो होतो आणि मुकादम टाचणीवर झडप घालायची संधी शोधत होता. इतकी वर्षं शिकवलं, पण मीही कधी साखरेच्या पुढे गेले नव्हते. माझं आयुष्य पंधरा अंशांच्या आत गेलं म्हणायचं.

तुझं पत्र वाचून रडले हे लिहीत नाही, कारण तुला ते कळलंच असेल.

धाकट्याचं पत्र मात्र गेलं होतं. तो त्याच आठवड्यात येऊन थडकला. बॅग टाकली आणि दारातूनच, "ताई, सामान कुठलं कुठलं न्यायचं?" म्हटलं, आधी बस. पडदे ओढले, दिवा लावला, तुझं तेच तेल पुन्हा नळीत भरलं आणि म्हटलं, "तुझे डोळे चांगले आहेत ना? मग वाच." त्याने अर्धा तास चकती फिरवली. मान वाकडी करून, श्वास रोखून. शेवटी म्हणाला, "सत्तर."

"शिवण गेली का?"

"कुठली शिवण?"

मग त्याला माझ्या जागेवरून उठवलं, उजवा डोळा लावला आणि वाचून दाखवलं. त्याने चकतीवरचा आकडा स्वतः वाकून बघितला. मग म्हणाला, "ताई, मला नुसती भीती वाटते गं. तू जिन्यात पडलीस तर कळणार कसं?" लहानपणी तो अंधारात माझा परकर धरून चालायचा, तोच आवाज. मग माझंही भांडण संपलं. ठरलं असं की ऑपरेशनला तो येणार, महिनाभर राहणार, आणि जिन्याला कठडा बसवून जाणार. मी आणि मुकादम इथेच.

महिनाभर तो स्वयंपाक करणार आहे. माझी काळजी करायची असेल तर तेवढ्यापुरती कर.

बैठकीत घाई करू नकोस. पट्टी आणि टाचणी बरोबर ने. ज्यांना आकडे कळत नाहीत त्यांना पट्टी कळते.

तुझी,
आत्या


७ एप्रिल

चि. डावरीस,

हे अक्षर बघून दचकू नकोस. बाबाला वाटेल, ऑपरेशन बिघडलं. त्याला सांग, डोळा झकास आहे, फक्त हात नवीन आहे. हे पत्र मी डाव्या हाताने लिहितेय.

डोळ्यावरची पट्टी सुटली त्या सकाळी खिडकीबाहेर बघितलं तर समोरच्या भिंतीचा रंग पांढरा निघाला. मी तो कित्येक दिवस पिवळट समजत होते आणि मनातल्या मनात त्या घरवाल्यांना नावं ठेवत होते. परवा निघायच्या आधी धाकट्याने तुझं पत्र वाचून दाखवलं. पद्धत मंजूर झाली, तुझी जागा पक्की झाली, आणि मोठ्या बाईंनी स्वतः टाचणी धरून पट्टी फिरवून दाखवली! तो वाचता वाचता दोनदा थांबला. म्हणाला, अक्षर लागत नाही. तुझं अक्षर मला चांगलं माहीत आहे, सगळं लागतं.

तो गेल्यावर घर शांत झालं. कठडा मजबूत बसवलाय. काल पडदे ओढून दिवा लावला. नळीत काही नव्हतं, नुसतंच बघायचं होतं. या वेळी डावा डोळा लावला. बटण, आणि मधोमध रेघ, इतकी बारीक आणि स्वच्छ की हात लावावासा वाटला. चकती फिरवली आणि ती विरली. बरोबर शून्यावर.

मग मला वाटलं, डाव्या डोळ्याला जमलं तर डाव्या हाताला का नाही? कागद पुढे घेतला. गंमत बघ, सहाव्या वर्षी जिथे हा हात थांबवला होता तिथूनच तो सुरू झाला. तीच वाकडी वेलांटी, तेच पोटफुगे 'क'. या एवढ्याशा पत्राला सकाळपासून दुपार झाली. बोटं दुखतायत. मोठ्या सिस्टर असत्या तर त्यांनी मागे उभं राहून फक्त बघितलं असतं, काही बोलल्या नसत्या.

आता तू ये. येताना मोठी नळी आण, माझी फुटली ती मुकादम भरून देणार नाही. आणि थोडं तेल आण. दोघी मिळून एकदा एकशे चारपर्यंत जाऊन येऊ.

तुझी,
डावरी आत्या